खळ्यावरचं छप्पर

३ जून २०२० ला निसर्ग वादळानं आमच्या खळ्यावरचा, म्हणजे घरापुढच्या अंगणावरचा, मांडव नेला. पाऊस जवळ आला होता, तरी त्या वर्षी तो उतरवायचा राहिला होता. पोफळीचे खांब, आडव्या बांबूंवर झाप आणि झापांवर ताडपत्री, एवढाच तो मांडव. पण त्याच्याखाली आधी सासूबाईंनी आणि नंतर मी इतकी वर्षं आमसुलं वाळवली होती. वाडीतल्या नारळी-पोफळी अशा आडव्या झाल्या की झाप विणायला झावळ मिळेना. दापोली तालुक्यात समुद्रालगतच्या कितीतरी घरांची हीच कथा. मग मांडवाच्या जागी कायमचं छप्पर करायचं ठरलं, आणि खाली उजेड-ऊब हवी म्हणून पॉलिकार्बोनेटचं, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या कणखर प्लास्टिकच्या शीटचं. दुकानात याला सरसकट 'लेक्सन' म्हणतात. खरं तर ते एका कंपनीच्या मालाचं नाव.

२०२१ मध्ये एका फॅब्रिकेटरकडून ते करून घेतलं. माणूस कष्टाळू, वेल्डिंग चोख. पण हात पत्र्यावर बसलेला, आणि पॉलिकार्बोनेटलाही त्यानं पत्र्यासारखंच वागवलं. ग्राइंडरनं कापलं, वर चढून स्वतःच भोक पाडत जाणारे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू थेट शीटमधून पाइपात घातले आणि फिरायचे थांबेपर्यंत आवळले. दुसऱ्याच उन्हाळ्यात भर दुपारी छपरातून कटकट आवाज यायला लागला. तिसऱ्या पावसात स्क्रूंपाशी ठिबकायला लागलं. चौथ्या वर्षी खाली येणारा उजेड चहासारखा पिवळा झाला होता.

भाचा लोट्याच्या एमआयडीसीत फिटर आहे. २०२५ च्या मार्चमध्ये शिमग्याला आला तेव्हा वर बघत म्हणाला, "मावशी, नवीन आणायच्या आधी हे खाली उतरवू. का बिघडलं ते कळल्याशिवाय पैसे घालू नकोस."

उतरवलेली शीट खळ्यात उताणी टाकून आम्ही अर्धा दिवस ती बघत होतो. त्या अर्ध्या दिवसात मला जे कळलं ते दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक स्क्रूच्या भोकापासून चार-पाच बारीक तडे सूर्याच्या किरणांसारखे निघाले होते. कापलेली कड तपकिरी होती आणि तिच्यावर वितळून थिजलेले मणी होते, कारण ग्राइंडरचं चाक हे प्लास्टिक कापत नाही, घासून वितळवतं. शीट दुपदरी असते, दोन पापुद्र्यांच्या मध्ये उभ्या भिंती आणि त्यांच्यामध्ये लांबच लांब नळ्या. या नळ्यांची तोंडं उघडीच राहिली होती, त्यामुळे आत हिरवं-काळं शेवाळ आणि मुंग्यांनी वाहून आणलेली माती. आणि पिवळेपणाचं कारण तर मला रडवणारं होतं. अतिनील किरणांपासून वाचवणारा थर शीटच्या सहसा एकाच बाजूला असतो, साधारण ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे वहीच्या कागदाहून पातळ. तो आकाशाकडे हवा. कोणती बाजू ते शीटवरच्या संरक्षक फिल्मवर छापलेलं असतं. आमच्या शीटची फिल्म कामगारांनी खालीच फाडून टाकली होती, आणि मग अंदाजानं लावलेल्या तीनपैकी दोन उलट्या बसल्या होत्या.

नव्या शीट १० मिलिमीटर जाडीच्या घेतल्या, ७ फूट रुंद आणि १२ फूट लांब अशा तीन. ही जाडी चौरस मीटरला फक्त १.७ किलो भरते, म्हणजे एवढी मोठी शीट अवघी १३ किलोंची. तेवढ्याच आकाराची ४ मिलिमीटरची काच ७५ किलोंच्या वर जाईल. हलकेपणामुळेच माणूस गाफील राहतो. टेम्पोतून उतरवताना मी आणि शेजारचे सुतारकाका दोन टोकांना होतो. दुपारचा खारा वारा सुटला आणि शीटनं शिडासारखा वारा धरला. काका दोन पावलं ओढले गेले, मी पायरीवर आपटता आपटता वाचले. त्या दिवसापासून नियम केला: शीट हलवायची ती सकाळी नऊच्या आत, वारा पडलेला असताना, दोघांनी उभी धरून. आणि ठेवायची ती सावलीत, सपाट फळ्यांवर, वर वजन देऊन. उन्हात फिल्मसकट पडून राहिली तर फिल्म अशी चिकटते की नखांनीसुद्धा निघत नाही.

सांगाड्याचं काम आटोपतं घेतलं. जुने पाइप शाबूत होते, फक्त एक आडवा पाइप वाढवून पाच ओळी केल्या, आणि उतार १२ फुटांना सव्वा फूट ठेवला. किमान ५ अंशांचा उतार तरी हवाच, म्हणजे दर मीटरला ९ सेंटिमीटर. नळ्या उताराच्या दिशेनंच धावल्या पाहिजेत, आडव्या नाहीत, म्हणजे आत साचलेली वाफ पाणी होऊन खाली उतरते. पाइपांच्या वरच्या अंगाला पांढरा रंग दिला, कारण काळा पाइप तापून त्याच्यावर टेकलेल्या शीटला भाजतो. रंग पुरता वाळू दिला, आठवडाभर हात लावला नाही. त्यामागचं कारण पुढे येतंय.

आता कापणं. काका मदतीला आले ते ग्राइंडर घेऊन, आणि त्याला लाकूड कापायचं दातेरी चाक लावलेलं. "वहिनी, यानं लोण्यासारखं निघेल." आपल्याकडे गल्लोगल्ली असंच करतात आणि याच्याइतकी मला कशाचीच भीती वाटत नाही. छोटा ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. त्याचं कव्हर बहुतेकांनी काढून टाकलेलं असतं. दाता अडकला की मशीन हातातून उसळतं, आणि उसळतं ते धरणाऱ्याच्या मांडीकडे किंवा तोंडाकडे. काकांच्या डाव्या अंगठ्यावर त्याच सवयीची खूण आहे. भाच्यानं हात जोडून ते मशीन बाजूला ठेवायला लावलं. मग काकांच्याच दुकानातलं हातातलं सर्कुलर मशीन आणलं आणि त्याला ६० दातांचं, कार्बाइडच्या टोकांचं नवं ब्लेड लावलं. ब्लेड बदलताना प्लग बोर्डातून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

खळ्यात चार बाकं मांडून त्यांवर फळ्या टाकल्या आणि शीट वर पसरली. फिल्म तशीच ठेवली आणि रेघही तिच्यावरच मारली, मार्कर थेट शीटवर टेकवला नाही. रेघेवर कागदी चिकटपट्टी लावली, कारण या मशीनचे दात खालून वर येतात आणि चिरफळ्या वरच्या अंगाला निघतात. ब्लेड शीटच्या खाली जेमतेम अर्धा सेंटिमीटर उतरेल इतकंच ठेवलं. सरळ कापायला बॉक्स पाइपचा तुकडा दोन्ही टोकांना शिकंज्यानं आवळला आणि मशीन त्याच्या कडेनं चालवलं. रेघेच्या दोन्ही बाजूंना शीटला आधार हवा. आधार नसला तर ती थरथरते, थरथरली की दाते पापुद्रा उचकटतात.

पहिला काप वाया गेलेल्या जुन्या शीटवर घेतला. मी घाबरून फार हळू चालवलं, तर मागून कड वितळून पुन्हा जोडली जात होती. मग घाईनं ढकललं, तर चिरफळ्या. चार-पाच कापांनंतर कानाला कळायला लागलं. मशीनचा सूर एकसारखा राहिला की वेग बरोबर, सूर खाली गेला की आपण ढकलतोय. मशीन आधी पूर्ण वेगानं फिरू द्यायचं आणि मगच शीटला लावायचं. पहिली खरी शीट मी स्वतः उभी चिरली, ७ फुटांची साडेतीन-साडेतीन केली. काप नळीच्या मधोमध पडला, भिंतीवर नाही. कड दुधासारखी पांढरी आणि करवतीनं कापलेल्या शिसवीसारखी गुळगुळीत निघाली. काकांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि काही न बोलता दुसरी शीट उचलायला गेले.

डोळ्यांना बाजूनं बंद असलेला चष्मा, नाकाला मास्क, कानात बोळे. पदर खोचून चालत नाही, मी जुनी पँट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता. हातमोजे शीट उचलताना हवेतच, कापलेली कड तळव्याला चरचरून लागते. पण ड्रिल चालवताना सैल, विणलेले मोजे काढायचे, फिरत्या बिटात धागा अडकला तर बोट ओढलं जातं. वायर मशीनच्या मागे, खांद्यावरून सोडलेली. आणि ज्या बोर्डातून वीज घेतली तिथे गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण आहे याची आधी खात्री केली. शेणानं सारवलेलं खळं सकाळी ओलसर असतं.

कापल्यावर नळ्यांत पांढरा भुसा बसतो. तो घासल्यानं वीजभारित होऊन आतल्या अंगाला असा चिकटतो की शीट आपटून पडत नाही. फुंकर मारली तर तोंडातली ओल आत जाते. भाच्यानं ब्लोअरनं एका टोकाकडून हवा मारली आणि दुसऱ्या टोकाला मी व्हॅक्यूम क्लीनर धरला. नळीमागून नळी, सहा तुकडे, अख्खी दुपार गेली. या कामात मी कंजूसपणा करू दिला नाही. आत राहिलेला भुसा पुढे ओल धरतो आणि जुन्या शीटमधलं शेवाळ मी विसरले नव्हते. मग लगेच तोंडं बंद केली. वरच्या टोकाला अखंड अॅल्युमिनियमची चिकटपट्टी, खालच्या टोकाला बारीक छिद्रांची गाळणीसारखी पट्टी, जिच्यातून वाफ बाहेर जाते पण मुंगी आत येत नाही. त्यावर अॅल्युमिनियमचं पन्हळ, खालच्या पन्हळाला पाणी सुटायला जागोजागी भोकं.

मधल्या वेळात भाच्यानं मला एक प्रयोग दाखवला. शीटची एक चिंचोळी पट्टी वाकवून दोन विटांमध्ये अडकवली आणि फडक्यानं तिच्यावर थिनर फिरवला. पट्टी बघता बघता पांढरटली, कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले आणि हात लावताच मोडली. हीच पट्टी कोरडी असताना काकांनी हातोडीनं मोडायचा प्रयत्न केला होता आणि मोडली नव्हती. थिनर, पेट्रोल, अॅसिटोन या सगळ्यांचं पॉलिकार्बोनेटशी वैर आहे, आणि ताणाखाली असलेल्या शीटशी तर फारच. ओल्या रंगातून निघणारी वाफही त्यातलीच, म्हणून पाइपांचा रंग आधी पुरता वाळू द्यायचा. स्टिकरचा गोंद काढायचा तर साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं. फटी बुजवायचं सिलिकॉनही वास घेऊन घ्यायचं. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर परत द्यायचं आणि न्यूट्रल मागायचं. वॉशरसुद्धा ईपीडीएम नावाच्या रबराचेच. साध्या पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू शीटमध्ये उतरतं आणि तिला ठिसूळ करतं.

आता भोकं, आणि माझ्या मते सगळ्या कामाचं मर्म इथेच आहे. उन्हानं ही शीट वाढते. दर मीटरला, तापमानाच्या दर अंशाला ०.०६५ मिलिमीटर. लोखंडाच्या पाचपटीहून जास्त. ऐकायला क्षुल्लक वाटतं, म्हणून मी वहीत मांडून बघितलं. कापून राहिलेली लांबी साडेतीन मीटर. आमच्याकडे डिसेंबरच्या पहाटे १५ अंश, एप्रिलच्या दुपारी उन्हात तापलेली शीट ६० अंश. फरक ४५. गुणाकार केला तर सव्वादहा मिलिमीटर. म्हणजे माझी शीट वर्षभरात एक सेंटिमीटर लांब-आखूड होते आणि ती ज्या लोखंडाला बांधलीय ते जवळपास जागच्या जागी राहतं. जुन्या छपरात ती प्रत्येक स्क्रूशी रोज झटत होती. दुपारची कटकट म्हणजे तेच झटणं होतं.

म्हणून आम्ही प्रत्येक तुकडा मधल्या ओळीत एकाच जागी नेमका धरला आणि बाकी सगळीकडे त्याला हलायला जागा दिली. स्क्रू साडेपाच मिलिमीटरचे, स्टेनलेस स्टीलचे, खाऱ्या हवेत दुसरे टिकत नाहीत. मधल्या ओळीतलं एक भोक ६ मिलिमीटरचं. त्याच्या शेजारचं आणि अलीकडच्या-पलीकडच्या ओळींतली १० मिलिमीटरची गोल. सर्वांत वरच्या आणि खालच्या ओळीतली लांबट, १० रुंद आणि १४ लांब, लांबी उताराच्या दिशेनं. एका तुकड्याला दहा, अशी साठ भोकं. वर ३२ मिलिमीटरचा रुंद वॉशर, म्हणजे भोक पुरतं झाकलं जातं.

एकही भोक वर चढून पाडलं नाही. सगळी खाली, खळ्यात, शीटखाली लाकडाची फळी ठेवून. फळी नसली तर बिट खालचा पापुद्रा फाडत बाहेर पडतो. कडेपासून किमान ४ सेंटिमीटर आत. ड्रिलचा हातोडा मोड बंद, वेग मध्यम, दाब अगदी हलका. बिट नवाच घेतला. बोथट बिट रेटावा लागतो, रेटला की तापतो, तापला की प्लास्टिक त्याच्याभोवती गुंडाळतं. मध्ये मध्ये बिट वर काढून कीस झटकायचा. तेल किंवा कूलंट अजिबात नाही. नंतर काकांनी पायऱ्यापायऱ्यांचा निमुळता स्टेप बिट आणून दिला, त्यानं भोकं जास्त स्वच्छ आली. भाचा मापाचा, मी ड्रिलची आणि काका फळी सरकवायचे, असं तीन सकाळी चाललं. माझा उजवा खांदा ठणकत होता पण साठांपैकी एकाही भोकाला तडा नव्हता. मी प्रत्येकात बोटाचं टोक फिरवून बघितलं.

चढवणं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात केलं. २०२१ मध्ये त्या फॅब्रिकेटरचा पोरगा शीटवर बसून स्क्रू मारत होता. शीट मजबूत असते, फुटली नाही, पण वजनानं झोळीसारखी वाकली, तिची कड पट्टीतून निसटली आणि तो कमरेपर्यंत खाली आला. पाइप हाताला लागला म्हणून वाचला. विशी न ओलांडलेलं पोर. मी त्या वेळी स्वयंपाकघरातून धावत आले होते, ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून या वेळी मी अट घातली होती की शीटवर गुडघासुद्धा टेकायचा नाही. दोन जाड फळ्या, प्रत्येक तीन पाइपांवर टेकलेली आणि टोकांना सुंभानं बांधलेली. भाच्याच्या कमरेला कारखान्यातला सेफ्टी बेल्ट, त्याची दोरी घराच्या वाशाला. शिडीपाशी एक माणूस कायम.

प्रत्येक तुकडा चढवायच्या आधी दोन्ही बाजूंची फिल्म कडेनं चार बोटं सोलली, म्हणजे ती पट्टीखाली अडकत नाही. छापील बाजू वर आहे ना, हे तिघांनी मोठ्यानं म्हणायचं आणि मगच तुकडा वर द्यायचा. जोडांवर अॅल्युमिनियमची रबर लावलेली पट्टी, तिच्यात शीटची कड दोन सेंटिमीटर आत पण तळाला न भिडलेली. भिंतीपाशी १५ मिलिमीटर फट. स्क्रू भोकाच्या बरोबर मधोमध आणि सरळ, शीटला काटकोनात. ड्रिलचा क्लच सगळ्यात खालच्या आकड्यावर. वॉशर शीटला टेकला आणि रबर किंचित फुगलं की थांबायचं. शीटवर खळगी पडली तर स्क्रू मागे फिरवायचा. काकांना हे जड गेलं. आयुष्यभर घट्ट बसवलेलं तेच चांगलं मानलेला हात. "वहिनी, वाऱ्यानं उडेल हे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी त्यांना वॉशरचा घेर दाखवला, जोडपट्ट्या दाखवल्या, साठ स्क्रू मोजून दाखवले. संध्याकाळी सगळी फिल्म काढली. त्याच दिवशी काढायची, एकदा कडक ऊन बसलं की ती भाजून निघते आणि सोलायला गेलं की चिंध्या होतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला मी शिडी लावून भिंतीपाशीची फट पट्टीनं मोजली. १५ मिलिमीटर. दुपारी दोनला पुन्हा चढले. १२ च्या जरा खाली. छपरातून आवाज नव्हता. काकांना बोलावून तीच पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी स्वतः मोजलं, मग संध्याकाळी न सांगता परत येऊन एकदा मोजलं.

रातांबे, म्हणजे ज्यांच्या सालींची आमसुलं होतात ती फळं, मेच्या पहिल्या आठवड्यात पिकायला लागले. त्या वर्षी २० मेच्या सुमाराला वळवानं असा जोर धरला की थांबेचना, आणि २५ तारखेला मोसमी पाऊस कोकणात आलासुद्धा. गावात आंबा झाडाखाली सडला, उघड्यावर वाळत घातलेली सोलं बुरशीनं गेली. माझ्या खळ्यात ऊन नव्हतंच, छप्पर ऊन कुठून आणणार. पण पाणी एका थेंबानं आत आलं नाही, बाजू मोकळ्या होत्या, वारा फिरत होता आणि दोन पंखे रात्रंदिवस चालू ठेवले. एरवी आठवड्यात वाळणाऱ्या आमसुलांना पंधरा दिवस लागले. वर पावसाचा ताशा वाजत होता, स्क्रूंपाशी मी हात फिरवून बघत होते, कोरडं होतं. २७ तारखेला सोलांना आगळाचं, म्हणजे रातांब्याच्या खारवलेल्या रसाचं, चौथं पुट दिलं आणि आगळाची बरणी झाकून आत नेली.